नापास मालावर तांबडी फुली

२८ जानेवारी १९६२, रविवार
आजपासून रोजनिशी. निवडणूक आली आहे आणि सगळा चेरीताल मोहल्ला माझ्या तोंडाकडे पाहून राहिला आहे. तसं कोणी बोलून दाखवलं नाही. शेजारचा अंबादास सकाळी आला तो अडकित्ता मागायला आला होता. पण जाताना म्हणाला, काय अण्णा, यंदा कोणाला? यातच सगळं आलं.

निश्चय: घाईनं कोणाला पसंत करायचं नाही. लष्करी सामानाच्या फॅक्टरीत सारा जन्म एक्झामिनर म्हणून काढला. ज्यानं जे बनवायचं ते बनवावं, शेवटी माल माझ्या टेबलावर येई. आमच्या सेक्शनची रीत सोपी. गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचं. बसलं तर माल पुढे सरकवायचा, त्याला बोटही लावायचं नाही. नाही बसलं तर तांबड्या रंगाची फुली. फुली पाहिली की मोठमोठ्या मिस्त्र्यांचे चेहरे उतरत.

आता माणसाला गेज कोणतं लावायचं तेवढं ठरवायचं आहे.

२९ जानेवारी
गेज सापडलं. ओसरीतलं स्टूल. त्याचा एक पाय आखूड आहे, बसलं की डुगडुगतं. उमेदवार मत मागायला येईल तेव्हा त्यावरच बसवायचं आणि बघायचं. बायको, शकु, म्हणाली, पाहुण्याला पाडाल एखाद्या दिवशी. तिला यातलं काही कळत नाही. स्टूल दुरुस्त करा म्हणून ती दिवाळीपासून मागे लागली आहे. बरं झालं ऐकलं नाही.

३० जानेवारी, संध्याकाळी
तिवारी वकील येऊन गेले. चिन्ह घड्याळ. स्टुलावर बसले, डुगडुगले, आणि हसून म्हणाले, बहुत बढ़िया स्टूल है दादाजी, पुराने ज़माने की चीज़ है. खोटं. शिवाय मला दादाजी म्हणाले. मी काही त्यांच्याहून फार मोठा नाही. चहा अर्धा ठेवला. ज्याला चहा पुरा करायला वेळ नाही तो चेरीतालच्या नळाचं अडलेलं काम काय पुरं करणार?
नापास.

४ फेब्रुवारी, रविवार
आठ ग्रह एका राशीत. सगळ्या जबलपुरात होमाचा धूर. धान्याचे व्यापारी सेठ धन्नूलाल, चिन्ह छत्री, यांनी नर्मदेच्या ग्वारीघाटावर मोठा यज्ञ मांडला आहे. जग वाचावं म्हणून यज्ञ, आणि मांडवाच्या खांबाखांबावर छत्री. मी अंबादासला म्हटलं, जग उद्या बुडून राहिलं तर हा माणूस भोपाळला जायला मतं काहून मागून राहिला? अंबादास म्हणाला, अण्णा, प्रसादाची पुरी चांगली आहे, घ्या. मी घेतली. पण संशय कायम ठेवून.

५ फेब्रुवारी
जग बुडलं नाही. सेठजींचे लोक गल्लीत सांगून राहिले की त्यांच्यामुळे.

६ फेब्रुवारी
सेठजी स्वतः आले. स्टुलाकडे पाहिलं, आणि न विचारता माझ्या बाजेवर बसले. म्हणजे गेज लावूच दिलं नाही. असा माल आम्ही परस्पर भट्टीत परत पाठवत असू. वर शकुला म्हणाले, भाभीजी, कुछ भी लगे तो बताइए. काहून? तिला काय लागणार आहे? जाताना अंगणातल्या तुळशीला नमस्कार केला. बाहेर कोणी पाहतं आहे का, ते आधी पाहिलं. मी खिडकीतून पाहत होतो.
नापास.

८ फेब्रुवारी, सकाळी
तिसरा उमेदवार ऐकून धक्का बसला. गुणवंत. आमच्याच फॅक्टरीतला टर्नर, माझ्या टेबलावर त्याचा माल यायचा. सरकारी नोकरीत राहून उभं राहता येत नाही म्हणून राजीनामाच दिला म्हणे. पक्की नोकरी, क्वार्टर, सगळं सोडून. चिन्ह शिडी.
कोणी शहाणा माणूस असं करत नाही. यात काहीतरी आहे. त्याच्यामागे कोण आहे ते शोधून काढलं पाहिजे.

९ फेब्रुवारी
कोणी सापडलं नाही. पानवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, उनके पीछे तो उनकी घरवाली है, डंडा लेकर.

संध्याकाळी गुणवंत आला. पाया पडला. मी स्टुलाकडे बोट दाखवलं. तो बसला, डुगडुगला, उठला. स्टूल उलटं केलं, पाय पाहिला, शकुकडे जुना फळीचा तुकडा आणि हातोडी मागितली, आणि बोलता बोलता ठोकून मोकळा झाला. म्हणाला, अण्णा, गल्लीतल्या बाया हंडा घेऊन तलावापर्यंत जातात, या वर्षी नळ नाही आला तर मी भोपाळला जाऊन बसतो, उठत नाही.
 माझं गेजच त्यानं दुरुस्त करून ठेवलं. आता यापुढे कोणाची परीक्षा घ्यायची म्हटली तर कशी घेणार?
शकु मात्र अर्धा तास स्टुलावर बसून होती, काही काम नसताना.

१० फेब्रुवारी
विचार केला. माल पास. गुणवंतला सांगितलं, चेरीतालची चिंता करू नको, इथली आपली सगळी घरं माझी. तो म्हणाला, मग मी इकडे येत नाही, बाकीच्या मोहल्ल्यांत पाय झिजवतो. फक्त अण्णा, मत द्यायची पद्धत यंदा नवीन आहे, लोकांना नीट समजावून द्या.
मला सांगतो. मोजमाप त्याला कोणी शिकवलं?

११ फेब्रुवारी, रथसप्तमी
नवीन पद्धत अशी. मागच्या खेपांना प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, हव्या त्या पेटीत कागद टाकला की झालं. यंदा पेटी एकच. कागदावर सगळ्यांची चिन्हं, आणि हातात शिक्का. आता शिक्का कसला, तर फुलीचा.
फुलीचा म्हटल्यावर मला पुढचं कोणी सांगायची गरज राहिली नाही. सरकारला उशिरा का होईना सुचलं. जे नापास त्यांच्यावर फुली. जो पास, त्याला बोट लावायचं नाही.

आज शकुचं हळदीकुंकू होतं. सगळ्या बाया ओसरीत जमल्या होत्या, त्यांचे पुरुष बाहेर अंगणात. संधी साधली. जमिनीवर गेरूनं छत्री, घड्याळ, शिडी काढली. छत्रीवर फुली, घड्याळावर फुली, शिडी कोरी. पुन्हा पुन्हा करून दाखवलं. पुरुष सगळे फॅक्टरीतले, त्यांना एका झटक्यात कळलं. अंबादास म्हणाला, हे तर आपल्या सेक्शनसारखंच आहे, मला वाटलं काही कठीण असेल.
तिळगूळ घेऊन सगळे गेले. शकु जमीन पुसताना शिडीपाशी थांबली. थकली असावी.

१३ फेब्रुवारी
सूनबाई विनीता शाळेत मास्तरीण आहे, तिची निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली. ट्रेनिंगहून आली आणि म्हणाली, अण्णा, तुम्ही उलटं सांगून राहिलात. ज्याला मत द्यायचं त्याच्यावरच फुली मारायची.
मी हसलो. नंतर आठवलं, विनीताचे मामा तिवारी वकिलांकडे मुन्शी आहेत. बिचारीला काही ठाऊक नाही, तिच्या तोंडून कोणीतरी वदवून राहिलं आहे. तिला दुखवलं नाही. म्हटलं, बेटा, तू चहा घे.

१५ फेब्रुवारी
आज तर हद्द झाली. तिवारी वकिलांचा लाउडस्पीकर टांग्यावर गल्लीतून गेला. घड़ी पर मुहर लगाइए, घड़ी पर मुहर लगाइए. कोणी माणूस स्वतःच्या चिन्हावर फुली मारा म्हणून ओरडत फिरेल का? डाव उघड आहे. लोकांना गोंधळात टाकायचं. मागोमाग छत्रीवाल्यांचा टांगा, त्यांचंही तेच. म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं आहे.
अंबादासला जरा शंका आली होती. मी हे समजावल्यावर तो म्हणाला, बाप रे, किती खोल पाण्यात आहेत हे लोक. घरोघर जाऊन पुन्हा ताकीद दिली. कोपऱ्यावरच्या बाबारावांना तर शपथ घालून आलो.

१७ फेब्रुवारी, दुपारी
गुणवंतची बायको अंजनी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, अण्णा, क्वार्टर खाली करायची नोटीस आली. माझे भाऊ बोलत नाहीत, नोकरी सोडणारा माणूस म्हणून ह्यांना हसतात. हे म्हणतात चेरीताल पक्का आहे, अण्णा आहेत. खरंच आहे ना?
मी म्हटलं, अंजनी, तुझ्या नवऱ्याच्या मालाला या हातानं कधी फुली मारली नाही. यंदाही मारणार नाही.
ती पाया पडून गेली. शकुनं तिला दाराशी थांबवून हळू आवाजात काहीतरी सांगितलं, मग परत आत आली. बायांचं काहीतरी असेल.

२४ फेब्रुवारी, शनिवार, मतदान
सकाळीच रांगेत. आपली गल्ली सगळी एका पाठोपाठ एक. बाया नव्या लुगड्यांत. बोटाला शाई.
टेबलामागचा साहेब प्रत्येकाला सांगत होता, बाबूजी, जिसको देना है सिर्फ़ उसी पर मुहर. त्याच्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. घड्याळ. बाकी तर कोणाच्याच हातात नव्हतं.  मान हलवली आणि आत गेलो.
छत्रीवर एक, नीट मधोमध. घड्याळावर एक, जरा जोरात. शिडी कोरी, स्वच्छ. दिल्लीच्या, म्हणजे लोकसभेच्या, कागदाचाही तसाच निकाल लावला. निवृत्त झाल्यापासून इतकं समाधान वाटलं नव्हतं. 
बाहेर प्रत्येकाला डोळ्यानं विचारलं. प्रत्येकानं डोळ्यानं सांगितलं, झालं. बाबाराव म्हणाले, अण्णा, साहेबानं अडवलं होतं, पण मी तुमचंच ऐकलं.
शकु बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता तडक घरी गेली.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
मतमोजणी. तिवारी वकील निवडून आले. गुणवंत दुसरा. फरक अगदी थोडा.
काहीतरी घोटाळा आहे. चेरीतालची मतं गेली कुठे?

२८ फेब्रुवारी
गुणवंत आला. स्टुलावर बसला. स्टूल हललं नाही.  मग सांगितलं.
अण्णा, मी टेबलापाशी उभा होतो. चेरीतालची पेटी उघडली. साहेब एकेक कागद उचले, बाजूला टाके. छत्रीवर फुली, घड्याळावर फुली, माझी शिडी कोरी. एका कागदावर दोन शिक्के म्हणजे बाद. साहेब म्हणाले, ये कौन-सा मोहल्ला है भाई, इतने सलीक़े से किसने ख़राब किया? मला दुसरा कागद पाहायची गरज नव्हती. मी बारा वर्षं तुमच्या टेबलासमोर उभा राहिलोय.
रागावला नाही. रागावला असता तर मी काही बोललो असतो. उठताना म्हणाला, माझ्या शिडीला एक डाग नव्हता, अण्णा, एवढं खरं.

मी त्याला सरकारची चूक समजावून सांगणार होतो. नियम करताना एखाद्या फॅक्टरीला विचारायला नको? पण तो गेला होता.

१ मार्च
शकुला विचारलं. तिनं एकच शिक्का मारला, शिडीवर. म्हणाली, मी सूनबाईला विचारलं होतं. अंजनीलाही सांगितलं, तुझं तू नीट मार. मी म्हटलं, मग मला काहून नाही सांगितलं? म्हणाली, सूनबाईनं सांगितलं तेव्हा तुम्ही तिच्या मामाला मध्ये आणलं. मी सांगितलं असतं तर माझ्या बापाला आणलं असतं.
सगळा जन्म गेला, गल्लीत कोणी माझं ऐकलं नाही. यंदा सगळ्यांनी ऐकलं.

५ मार्च
गुणवंतनं क्वार्टर सोडलं. आमच्या मागच्या खोल्या त्यांना दिल्या. भाड्याचं बोलू नको म्हटलं. अंजनी माझ्याशी बोलत नाही, पण पहिली भाकरी माझ्या ताटात वाढते. शकुनं शिकवलं असावं.
निश्चय: यापुढे फुलीचा अर्थ लक्षात ठेवायचा. काळ बदलला आहे. फुली म्हणजे पसंत.

१२ नोव्हेंबर १९६२, सोमवार
चीनची लढाई. फॅक्टरी रात्रंदिवस चालून राहिली आहे, भोंगा कधी वाजेल नेम नाही. जुनी माणसं परत घेऊन राहिले. गुणवंतला बोलावणं आलं, गेल्या आठवड्यातच लागला. अंजनी काल माझ्याशी बोलली. म्हणाली, अण्णा, चहा घेता का?
मीही आज अर्ज घेऊन गेटवर गेलो. देशाला एक्झामिनर लागणारच. बाबूनं वय विचारलं, दूरची पाटी वाचायला सांगितली, पाटी कुठे आहे ते मी विचारलं. मग त्यानं माझ्या अर्जावर तांबड्या शाईनं भली मोठी फुली मारली.
आता मी फसत नाही. फुली म्हणजे निवड. रांगेत इतर कोणाच्या अर्जाला मारली नाही, मी नीट पाहिलं. बाकी सगळ्यांचे कोरेच आत गेले बिचाऱ्यांचे.
शकुला सांगितलं, उद्या सकाळी डबा पाहिजे. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. गुणवंतकडे पाहिलं, तर तो स्टुलाचा पाय तपासत होता.  मग शकुनं डबा घासायला काढला.

१३ नोव्हेंबर, दुपारी
डबा घरी येऊन खाल्ला. वांग्याची भाजी होती. अजून गरम होती.