तेच चालू

३ फेब्रुवारी, सोमवार
दुपारपर्यंतच पासष्ट पेशंट! डॉक्टर मान वर न करता म्हणतात, “तेच चालू ठेवा.” केसपेपरवर नुसतं ‘तेच’. मग मागचं पान बघून औषधांची नवी चिठ्ठी लिहायची मी. नऊ वर्षं हेच करतेय. सिस्टर चिडवतात — “निम्म्या गावाची डॉक्टर तूच!” हसले. मनातून सुखावलेसुद्धा.

५, बुधवार
कोपऱ्यावरचे शिंपीकाका आले होते. भिंत धरधरून चालत होते. “उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते गं पोरी.” डॉक्टरांनी प्रेशर तपासलंसुद्धा नाही. म्हणाले, वय झालं. तेच चालू.

मला राहवलं नाही. जेवायच्या सुट्टीत केसपेपर उलगडला. काकांची प्रेशरची गोळी अर्धी होती. नोव्हेंबरात प्रेशर वाढलं म्हणून डॉक्टरांनी अख्खी केली — आणि पानाच्या मागे लिहिलं, ‘पंधरा दिवसच’. मी मागची बाजू पाहिलीच नाही! तीन महिने अख्खी गोळी. प्रत्येक चिठ्ठी माझ्या हातची.

तशीच उठून आत गेले. डॉक्टरांना सांगितलं. “बघू पुढच्या खेपेला.” काकांना फोन करावा म्हटलं, तर काय सांगणार? मी चुकले म्हणून? धीर झाला नाही.

७, शुक्रवार
फोन केला नाही. डॉक्टर बघतील.

८, शनिवार
काका बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. डोक्याला मार. मोठ्या दवाखान्यात आहेत, शुद्ध नाही.

डॉक्टरांनी मला आत बोलावून दार लोटलं. “सोमवारी दवाखान्याच्या तपासणीला आरोग्य खात्याची माणसं येतायत. ते पान नव्यानं लिहा. पंधरा दिवसांनी अर्धी केली, असं दिसू दे.” बाहेर सिस्टर पुटपुटल्या, “लिही बाई. चिठ्ठ्यांवर अक्षर तुझं आहे, अडकशील तूच.”

लिहिलं. माझी मलाच किळस येतेय.

१०, सोमवार
तपासणी झाली. फ्रिज उघडून पाहिला, साबण पाहिला, केसपेपर चाळले. जाताना मला म्हणाले, “किती नीटनेटकं ठेवलंय हो!” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११, मंगळवार
काका गेले.

१३, गुरुवार
त्यांच्या घरी गेले. मुलीला सगळं सांगून टाकलं — मागची ओळ, खोटं पान, न केलेला फोन. म्हटलं, कुठे तक्रार करायची तिथे करा, मी येते बरोबर.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पंधरा दिवसच म्हणाले होते डॉक्टर, हे बाबांना पक्कं आठवत होतं. मी म्हटलं, जाऊन विचारा. तर म्हणाले, चिठ्ठी त्या पोरीनं लिहिलीय. ती चुकायची नाही.”