निळे डाग

प्रिय बाबा,

तुमचं पत्र परवा मिळालं. फोनवर तुमचा आवाज हल्ली इतका बारीक येतो की मी नुसतं हो हो करत राहते, म्हणून तुम्हीच ही पत्रांची सवय लावलीत. पण या वेळी पाकीट उघडलं आणि मजकुराआधी अक्षरच दिसलं. पहिली ओळ तुमची नेहमीची, ठसठशीत. तिसऱ्या ओळीपासून अक्षर आकसत गेलंय आणि शेवटी तर मुंगीएवढं झालंय. प्रयोगशाळेतलं भिंग आणून वाचलं, तर मजकूर काय, तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी! तुमची चार महिन्यांपूर्वीची पत्रं काढून शेजारी ठेवली. त्यांत असं नव्हतं.

आई म्हणाली, तुम्ही बाथरूमच्या दारात पडलात, शर्टाची बटणं आता तीच लावते, आणि विचारल्याशिवाय तुम्ही बोलत नाही. गोळ्या मात्र तिच्यासमोर वेळेवर तोंडात टाकता, असं ती शपथेवर सांगते. तोंडात टाकता, बाबा. गिळता की नाही, हे तिला विचारायला माझी जीभ रेटली नाही. तिनं घर डोक्यावर घेतलं असतं आणि तुम्ही साळसूदपणे पेपर उघडून बसला असता. मी ओळखून आहे तुम्हाला.

त्या पत्रांनंतर मी सुट्टीला आले होते, ती दुपार सारखी आठवते. केवढी मिरवत होते मी! उंदरांच्या मेंदूच्या चकत्यांचे फोटो तुमच्यापुढे मांडून सांगत होते की या उंदरांना आम्ही तुमच्यासारखा कंपवाताचा आजार मुद्दाम जडवतो, मग काहींना तुमचंच औषध देतो, जे मेंदूत जाऊन डोपामाइन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, होतं. चकत्यांवर एक रंग चढवला की जिथे लोह साचलंय तिथे निळे डाग उठतात, आणि औषध दिलेल्या उंदरांत बघा किती निळं आहे! गंज तांबडा असतो, तुमच्याकडे निळा कसा, म्हणून तुम्ही माझी थट्टा केलीत. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला लोखंडाचं काय होतं ते कुणी सांगायची गरज नव्हती. तुम्ही गोळ्यांच्या डबीकडे पाहिलंत, ते मला दिसलं होतं. तरीही, उंदराचं ते माणसाचं असं नसतं, एवढं एक वाक्य मी बोलले नाही. तुमच्यासमोर शहाणी दिसायचं होतं मला.

परवापासून मला जेवण जात नाही. फोन वाजला की वाटतं आईचाच असणार, आणि तुम्ही पुन्हा पडलात, या वेळी उठला नाहीत, असंच ती सांगणार. औषध एकदम सोडलेल्या माणसाचं अंग लाकडासारखं होतं, घास गिळता येत नाही, हे मी वाचलेलं आहे. वाचलेलं विसरता येत नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आमच्याकडे या चकत्यांना धातू लावायचा नाही, काचेच्या कांडीनंच उचलायच्या, असा पहिल्या दिवसापासूनचा नियम. तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी कांडी फुटली, गाडीची वेळ होत आली होती, आणि मी खणातला पोलादी चिमटा घेतला. त्यानं उचलल्या त्या नेमक्या औषध दिलेल्या उंदरांच्या चकत्या. परवा त्या चिमट्याच्या सांध्यात गंज दिसला. नव्या चकत्या काढून तीनदा रंगवल्या. दोन्ही गटांत काही फरक नाही, बाबा. ते निळं उंदरांचं नव्हतं, माझ्या चिमट्याचं होतं. साहेबांना उद्या सांगणार आहे, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण आधी तुम्हाला. हे पत्र हातात असतानाच आईला हाक मारा, किती दिवस गोळ्या टाकून दिल्या ते खरं खरं सांगा आणि डॉक्टरांकडे जा. ते सांगतील तशाच पुन्हा सुरू करा, मनानं नको. मी शनिवारी पोचते. आयुष्यभर वाटायचं, बाबांनी एकदा तरी माझं म्हणणं ऐकावं. तुम्ही ऐकलंत, आणि नेमकं हेच ऐकलंत.

तुमचीच,
घाबरलेली धाकटी