वेबसाइट हवी, बैलबाजाराची

सोमवार, १२ नोव्हेंबर २००७. बेल्हे.
बाजार निम्मा भरला. दिवाळीनंतरचा बाजार, तरी निम्मा! ट्रॅक्टरने लोकांना आळशी केलंय. माझ्या हातून एकच जोडी गेली, तीही मेव्हण्याला.
ठरलं. बैलांची वेबसाइट काढायची. पारनेरचा माणूस घरी बसून बैल बघेल आणि मला फोन करेल. बेल्ह्यातला पहिला कॉम्प्युटरवाला दलाल मीच. कुशाबाने काढायच्या आत काढायची. तीस वर्षं या बाजारात आहे, त्यातली वीस हा कुशाबा माझं गिऱ्हाईक पळवतोय.

बुधवार, १४ नोव्हेंबर. सायबर कॅफे, आळेफाटा.
माझी पोरगी समृद्धी ओतूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिने एक साइट दाखवली. तिथे आपण काम टाकायचं, देशभरातली घरबसल्या काम करणारी माणसं भाव सांगतात.
येताना एसटीत पोरीने मला उपदेश केला. काय हवं ते सविस्तर लिहा. पैसे त्या साइटकडे ठेवा, काम बघून थोडे थोडे सोडा. बोलणं सगळं साइटवरच करा. वेबसाइटचं नाव स्वतःच्या नावावर घ्या.
मान हलवली. तिने अजून एक बैल घेतलेला नाही. मी जबडा उघडून वय सांगतो. मला कोण फसवणार?

गुरुवार, १५ नोव्हेंबर.
जाहिरात स्वतः लिहिली, इंग्रजीत. ‘वॉन्टेड फर्स्ट क्लास वेबसाइट फॉर बुल मार्केट. बाइंग, सेलिंग, डेली रेट. नो चीटिंग.’
समृद्धी म्हणाली, “आप्पा, अजून चार वळी लिवा. बैल कसलं, कुठलं, कुणासाठी.”
तिला बाजार कळत नाही. जास्त सांगितलं की गरज दिसते, गरज दिसली की भाव चढतो. गप राहून घ्यावं.

रविवार, १८ नोव्हेंबर.
अकरा जणांनी भाव दिले. दहा नापास. कलकत्त्याचा अनिर्बाण पास. कारण त्याने एका पत्रात नऊ वेळा ‘सर’ लिहिलंय. माणूस गरीब आहे. मारका नाही.
तरी पारख सोडली नाही. पूर्ण नाव, वडलांचं नाव, रेशनकार्डाची झेरॉक्स, व्यसन काय, सगळं मागवलं. दोन फोटोही. एक समोरून, एक बाजूने. दोन्ही पाठवले. खांदा जरा पडका आहे, पण बसून काम करणाऱ्याला चालतंय. चालवून बघता आलं नाही, एवढीच उणीव.

मंगळवार, २० नोव्हेंबर.
साइटवाले मध्ये बसून कमिशन घेतात असं कळलं. मी स्वतः दलाल. मधला माणूस काय करतो ते मला कोणी सांगायला नको. अनिर्बाणचा खातेनंबर घेतला आणि बँकेतून सगळे आठ हजार थेट भरले. सगळे एकदम, म्हणजे त्याला लाज वाटून तो चांगलं काम करेल. साइटवाले बसले हात चोळत.
समृद्धीचा चेहरा पडला. “मंग तक्रार कुणाकडं करायची, आप्पा?”
म्हटलं, तक्रारीची वेळ येणारच नाही.
बायको, सरू, भाकरी थापत होती. ती मध्येच बोलली, “बैल दावणीला बांदल्याबिगर कुणाला पैसं दिलंत का कदी?”
तिला सांगितलं, हे इंटरनेट आहे.

शनिवार, २४ नोव्हेंबर.
अनिर्बाण फोन उचलत नाही. तीन दिवस झाले.
मला पहिल्यापासून संशय होता. बाजूच्या फोटोत तो हसत नव्हता.
कलकत्त्याच्या पोलीस कमिशनरला पत्र लिहिलं. दोन पानं, मराठीत. पोस्टाचं तिकीट नव्हतं म्हणून राहिलं.

रविवार, २५ नोव्हेंबर.
अनिर्बाणचा फोन. बहिणीचं लग्न होतं. अकरा वेळा माफी मागितली. सज्जन माणूस. मी एक क्षणही शंका घेतली नव्हती.

गुरुवार, २९ नोव्हेंबर. आळेफाटा.
पहिलं पान आलं!
मधोमध बैल. काय बैल आहे राव! मान खाली, शिंगं पुढे, छाती भरलेली. वशिंड दिसत नाही, म्हणजे परदेशी जात असावी. त्याच्या मागे एक हिरवी रेघ वर वर गेलेली. भाव चढणार असा त्याचा अर्थ. शुभ आहे.
त्याने इंग्रजीत बरेच प्रश्न विचारले होते. प्रत्येकाला ‘यस’ लिहिलं. एकच प्रश्न खटकला. ‘बेअर मार्केट’साठी वेगळं पान हवं का? कॅफेवाल्याला विचारलं. बेअर म्हणजे अस्वल. कडक शब्दांत कळवलं, आम्ही अस्वलांचा धंदा करत नाही, सरकारी बंदी आहे.
उत्तर आलं, ‘हा हा! व्हेरी गुड सर! ऑल्वेज पॉझिटिव्ह!’
आमचं चांगलं जमलंय.

बुधवार, ५ डिसेंबर.
काम पुरं झालं म्हणतो. बावीस पानं आहेत, सगळी बघून मंजुरी लिहून द्या म्हणतो. पान उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात आणि कॅफेचा मीटर पळतो. पहिलं पान तीनदा बघितलं. ‘ऑल चेक्ड. ऑल ओके’ असं लिहून दिलं.
समृद्धीची परीक्षा चालू आहे. म्हणाली, “रवीवारपत्तुर थांबा, मी बगते.” मी फ्लेक्स आधीच छापायला टाकलाय. थांबून कसं चालेल?

सोमवार, १० डिसेंबर. उद्घाटन.
बाजारात इंटरनेट एकाच ठिकाणी, इंदरचंदशेठच्या पेंड-कासऱ्याच्या दुकानात. बाहेर फ्लेक्स. आत चाळीस माणसं, पेंडीच्या पोत्यांवर उभी. नारळ गेणभाऊंनी फोडला. ऐंशी वर्षांचे आहेत, बैलातलं त्यांच्याएवढं कोणाला कळत नाही.
पहिलं पान उघडलं. बैल बघून टाळ्या. गेणभाऊ पुढे वाकले. “किती दाती हाय?”
म्हटलं, आत माहिती आहे. इंदरचंदशेठने दुसरं पान उघडलं. नुसते आकडे. तिसरं उघडलं. सिमेंट कंपनी, पोलाद कंपनी, औषध कंपनी, पुढे लाल-हिरवे बाण. गेणभाऊ म्हणाले, सिमेंट नको, खिल्लार दाव.
इंदरचंदशेठने चष्मा लावला. वाचलं. मग ते खुर्चीतून उठून पोत्यावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. शेवटी डोळे पुसत बोलले, “हौशीरामभाऊ, ह्ये शेअर बाजाराचं हाय. शेअरचे भाव चढले की विंग्रजीत त्याला बुल मार्केट म्हनतात. तुमच्या बैलाचा काय बी संबंद न्हाई.”
सगळे हसले. कुशाबा तेवढा हसला नाही. त्याने जवळ येऊन हळूच विचारलं, “मंग ह्यात आपला बैल कुठं लावायचा, भाऊ?”
तो हसला असता तर बरं झालं असतं.
हा पहिला टप्पा आहे, असं मी जाहीर केलं. पेढे मात्र संपले.

मंगळवार, ११ डिसेंबर.
अनिर्बाणला फोन. चांगलं झापायचं ठरवलं होतं. त्याने शांतपणे माझी जाहिरात मलाच वाचून दाखवली. बुल मार्केट, बाइंग, सेलिंग, डेली रेट. बैल, नांगर, गोठा, असा एक शब्द तिच्यात नाही. मग माझे ‘यस’ वाचले. मग मंजुरी.
अस्वलाचं काय, असं मी विचारलं.
“सर, मुझे लगा आप मजाक कर रहे हैं.”
नवीन करायचं तर नवीन काम, नवीन पैसे. त्याचे वीस दिवस गेलेत, हे तो रडवेला होऊन सांगत होता.
साइटवाल्यांना समृद्धीने तक्रार लिहिली. तासात उत्तर आलं. व्यवहार बाहेर झाला, आमच्याकडे पैसे नाहीत, नोंद नाही, क्षमस्व. वेबसाइटचं नावही अनिर्बाणच्या नावावर निघालं. ते मात्र तो फुकट माझ्या नावावर करून देतोय. माणूस चांगलाच निवडला होता, हे सिद्ध झालं.

शुक्रवार, १४ डिसेंबर.
वेबसाइटवरून पहिला फोन! नाशिकचे निवृत्त मास्तर. विचारलं, “साहेब, आता विकू की ठेवू?”
सवयीने सांगितलं, वैरण असेल तर पेरणीपर्यंत ठेवा.
मास्तरांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी ‘वैरण’ म्हणजे कुठली कंपनी ते विचारलं.

सोमवार, १७ डिसेंबर.
बाजारात गेलो. ‘आले शेअरवाले’ असं तिघं म्हणाले. एकही जोडी गेली नाही. कुशाबाच्या तीन गेल्या. दुपारीच घरी आलो. सरूने ताट वाढलं.
संध्याकाळी समृद्धी वही घेऊन बसली. गिऱ्हाईक आधी काय बघतं, मग काय विचारतं, खोड कशी ओळखतात, असं विचारत गेली आणि मी बोलत गेलो. तीस वर्षांत घरात कोणी मला हे विचारलं नव्हतं. चहा दोनदा गार झाला. थंडी आहे.
तिने नवीन कामाची चार पानं तयार केली. पहिली ओळ, ‘हे काम जिवंत बैलांचं आहे.’ काम पुन्हा अनिर्बाणलाच, पण साइटमार्फत, चार हप्त्यांत. पैसे सरूच्या कोंबड्यांचे.
चारही पानांवर माझी सही मागितली. मी झटक्यात केली. घरचीच पोरगी, वाचायचं काय त्यात?
सही झाल्यावर तिने शेवटचं पान मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं. ‘सर्व मंजुरी कुमारी समृद्धी देईल. श्री. हौशीराम यांच्याशी कामाबद्दल थेट बोलू नये. ते हो म्हणाले तरी धरू नये.’
सरू आतून हसली.
पोरीचं अक्षर मात्र चांगलं आहे.