परचुरेकाकांच्या गायब होणाऱ्या चिठ्ठ्या

येरवडा, पुणे
१२ ऑगस्ट १९९९

आदरणीय बाबा,
तुम्हाला आणि आईला येरवड्याहून जयभीम.

मावशीकडे माझं छान चाललंय. खोकलाही जवळजवळ गेला. आईची कंबर कशी आहे?

नारायण पेठेतल्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात मला कॉम्प्युटर चालवायला घेतलं, पण तो अजून खोक्यातच आहे. आधी मी फळ्या लावून घेतल्या: आलेले, उघडलेले, तयार. प्रत्येक मिक्सरला गिऱ्हाइकाचं नाव आणि तक्रार लिहिलेली चिठ्ठी बांधली. पूर्वी नुसता ढीग असायचा आणि कुठला कुणाचा, हे फक्त मालक परचुरेकाकांना ठाऊक. "चिठ्ठ्या बांधून मिक्सर फिरतात का?" असं म्हणाले होते.

फिरले की! आता काकांना कुणी काही विचारतच नाही.

गंमत पुढेच आहे. रोज एखादी चिठ्ठी गायब होऊ लागली. उंदीर असेल म्हणून मी पाळत ठेवली, तर काकाच ती हळूच सोडवून खिशात घालत होते. असं का करतात, ते मला कळेना. मग सहज विचारलं, "काका, हा कुणाचा हो?"

ते ताडकन उठले. "सहस्रबुद्धेबाईंचा! भांडं गळतंय." चेहरा असा खुलला! आता मी रोज एकदा तरी विचारते.

तुम्ही लिहिलंत, 'तुझ्यावाचून इथे काही अडत नाही, निश्चिंत राहा.' वाचून बरं वाटलं.

पण बाबा, पुढच्या पत्रात मला काहीतरी विचारा ना. फ्यूजची तार कशी बसवायची, एवढं विचारलंत तरी चालेल.

तुमची
आम्रपाली