झडपेवरचं फूल

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दाढी वाढवली आहेस म्हणतोस, म्हणजे बेटावरच्या पाखरांची घरट्याची चिंता मिटली.

आता एक गोष्ट, घाबरू नकोस. मागच्या आठवड्यात दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेत होते. खांद्याचा आकडा सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. उजव्या हातातली टेप गळून पडली. गिऱ्हाइकाला वाटलं, बाई रुसल्या. थोड्या वेळाने सगळं जिथल्या तिथे आलं, पण मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

हॉस्पिटलात तपासलं तर हृदयाच्या एका झडपेवर बारीकशी गाठ निघाली. कॅन्सरची दिसत नाही. पण तिचा कण सुटून रक्तातून मेंदूत गेला असावा, म्हणून जीभ अडली, असं सर्जनबाई म्हणाल्या. पुढचा कण मोठा निघाला तर वाचाच जायची. गाठ काढायला हवी. छाती उघडायची नाही. उजव्या बरगड्यांमधल्या छिद्रांतून रोबोचे हात आत जाणार. मात्र तेवढा वेळ हृदय थांबवतात आणि रक्त यंत्र फिरवतं. हे ऐकलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

मी येईपर्यंत थांबता येईल का, एवढं विचार सर्जनबाईंना. इथल्या वेधशाळेतल्या माझ्या जोडीदाराचा पाय मोडला, त्याला टपालाच्या होडीतून किनाऱ्यावर नेलं. वाऱ्याचा अंदाज द्यायला इथे मी एकटा. मासेमारीच्या होड्या माझ्या शब्दावर समुद्रात उतरतात. बदली माणूस मागितलाय, ‘बघतो’ असं उत्तर आलंय. वायरलेसवर तुझ्याशी बोललो असतो, पण तो बंदरापुरताच, आणि अख्खा किनारा कान लावून असतो.

आणि त्या रोबोचं मला काही खरं वाटत नाही. इथलं वारा मोजायचं यंत्र रोज एक थापड खाल्ल्याशिवाय चालत नाही. तसलंच एक यंत्र तुझ्या हृदयात हात घालणार, आणि मी इथे ढग मोजत बसणार. संध्याकाळी किनाऱ्याकडे तोंड करून बसतो. दिसत काहीच नाही, तरी बसतो.

थांब गं.

तुझाच,
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलं. थांबू नका म्हणाल्या. मीही थांबणार नाही. परवा कात्री मागताना क्षणभर अडखळले. नुसती घाईही असेल, पण ती भीती घेऊन मला कापड कापता येत नाही.

रोबोवर राग धरू नकोस. तो आपल्या मनाने एक टाकाही घालत नाही. सर्जनबाई कोपऱ्यात पडद्याला डोळे लावून बसतात, बोटांनी त्याचे चिमटे फिरवतात आणि पायाखाली पॅडल असतात. मी म्हटलं, हे तर शिलाई मशीनच झालं. त्या खूप हसल्या. हसणाऱ्या माणसाच्या हाती हृदय द्यायला मला बरं वाटतं.

ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकावर आपल्या वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका बसतील. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ सांगतील, दुसरं काय करणार बिचारे.

तू असतास तर फार बरं वाटलं असतं, हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं. पण तू जागा सोडू नकोस. त्या होड्यांवरही कुणाकुणाचे धाकटे असतात.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

काकांनी बंदरावर फोन केला आणि बंदरातून वायरलेसवर निरोप आला: गाठ निघाली, झडप शाबूत आहे, बाई शुद्धीवर आहेत, बोलल्या. मी पुन्हा सांगायला लावलं. सगळ्या किनाऱ्याने ऐकलं. बाहेर आलो तर धुक्यातल्या होड्या एकामागून एक भोंगे वाजवत होत्या. मला रडू आवरेना.

काय बोललीस ते मात्र कुणी सांगितलं नाही. ते कळव.

तुझाच,
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कालच घरी आले. घशात नळी होती म्हणून आवाज अजून फाटका आहे, आणि शिंक आली की बरगड्या शिव्या देतात. पण जखमा बोटाएवढ्या. बोलले एवढंच, की पाणी द्या. कुणाचं नाव घ्यायला हवं होतं, पण तहान लागली होती.

सर्जनबाईंनी गाठ दाखवली. मला वाटलं खडा असेल. बाटलीतल्या पाण्यात ती फुलासारखी उमलली होती, बारीक बारीक पाकळ्या हलत होत्या. एवढं नाजूक काहीतरी माझी वाचा घ्यायला निघालं होतं!

मग मीच हट्ट केला, तेव्हा त्यांनी पडद्यावर ऑपरेशनची फीत लावली. माझं हृदय थांबलेलं होतं, धाकट्या. फिकट, निमूट. चिमट्यांनी गाठ उचलली, बाजूला ठेवली. मग रक्त आत सोडलं. हृदय आधी नुसतं थरथरलं, आणि एकदम चालू लागलं.

मला भीती वाटली नाही. मी फक्त मान वळवून शेजारी पाहिलं, तू बघितलंस का ते बघायला. खुर्ची रिकामी होती. सर्जनबाईंनी फीत पुन्हा लावू का विचारलं. मी नको म्हटलं. त्यांच्याकडे ती जपून आहे. तू आलास की दोघं मिळून बघू.

वाट बघते आहे.

तुझी,
ताई