शिंपल्यांचं सार

मात्सुए, १२ सप्टेंबर

वन्संना कियोएचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. उकाडा अजून उतरलेला नाही, सकाळी सरोवराचा वास घरात येतो. तुमचे गुडघे कसे आहेत? नाशपातीला यंदा फळ धरलं का? विचारायची रीत आहे म्हणून विचारते, उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

पत्रास कारण तुमचंच पत्र. चार पानं लिहिलीत आणि चारही पानांत माझं नाव एकदाच, तेही 'त्या बाईने' असं. त्रेचाळीस वर्षं झाली वन्सं मला या घरात येऊन. पितरांच्या सप्ताहात थडग्यावर येणार आणि तिथूनच भावाला योनागोला घेऊन जाणार, असा हुकूम सोडलात. विचारलंही नाही. तामोत्सु म्हणजे काही तुमच्या आईची भांडी नव्हेत, मी त्या वेळी गप्प बसले म्हणून याही वेळी उचलून न्यायला.

नेऊन काय करणार आहात ते एकदा सांगा. मार्चमध्ये दवाखान्यात तुम्ही काय शोभा केलीत ती मी विसरलेले नाही. मधुमेहाच्या त्या खोलीत वीसेक माणसं बसली होती. डॉक्टर आदाची इतकंच म्हणाले होते, की यांच्या रक्तातला लोहाचा साठा पुन्हा वाढलाय, असंच चाललं तर परत थोडं थोडं रक्त काढावं लागेल. तुम्ही उठून उभ्या राहिलात. "थकलेल्या माणसाचं रक्त काढता? तुम्ही डॉक्टर आहात की जळू?" मागच्या रांगेतला म्हातारा हसला तर त्यालाही सोडलं नाहीत. "तुमची पाळी आली की हसा," म्हणालात.

डॉक्टरांचं कौतुक की ते चिडले नाहीत. तुम्हांला बसवून त्यांनी समजावलं. लोह अंगाला हवंच, पण मधुमेहाच्या माणसात साखर आधीच जास्त, त्यात लोहही जास्त झालं की दोघं मिळून आतून गंज चढवतात. यकृताला चढतो, इन्सुलिन करणाऱ्या ग्रंथीला चढतो, मग साखर आणखी वाढते. हे लगेच म्हणाले, "म्हणजे माझ्या दाताळ्यासारखं." चाळीस वर्षं त्या निमखाऱ्या पाण्यात दाताळ्याने शिंपल्या ओढल्या यांनी, गंज काय असतो ते यांना नव्याने शिकवायला नको. तुमचा चेहरा मात्र दगडी. "आमच्याकडे थकलेल्याला शिंपल्यांचं सार देतात. यकृताला तेच चांगलं, सरोवराकाठचं शेंबडं पोरही सांगेल."

सांगेलच. मीही सांगितलं असतं. दारू जास्त झाली, सार. बाळंतीण उठली, सार. तोंड पिवळं दिसलं, सार. आपल्या सगळ्यांच्याच आया तेच सांगून गेल्या. आणि डॉक्टर म्हणाले, नेमकं तेच बंद करायचं. मूठभर शिंपल्यांत जे लोह आहे ते निरोगी माणसाला औषध, आणि यांना विष.

मग त्यांनी विचारलं, "जानेवारीत साठा चारशे दहापर्यंत उतरला होता. रक्त काढणं थांबवलं ते पथ्यावर भरवसा ठेवून. आज पाचशे साठ. घरात कोण देतंय यांना?"

तुमच्या मांडीवर रुमालात बांधलेली बरणी होती. आलं घालून सोयामध्ये आटवलेल्या शिंपल्या. मी बोट दाखवलं. "ह्या बघा. नणंदबाई आणतात."

डॉक्टर मग तुम्हांला जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. प्रेमाने मारताय भावाला, असं म्हणाले. तुम्ही बरणी परत रुमालात बांधलीत, एक शब्द बोलला नाहीत, आणि आमच्याकडे जेवायला न थांबता दुपारच्याच गाडीने गेलात. मी घरी आल्यावर भात लावला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. त्रेचाळीस वर्षांत तुमचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता तुम्ही लिहिता, मार्चपासून एक शिंपली धाडलेली नाही. देवघरातल्या आईच्या नावाच्या पाटीवर हात ठेवून शपथ घेतलीत. आणि विचारता, मग ऑगस्टमध्ये सातशे चाळीस कसे झाले? तामोत्सुने फोनवर आकडा सांगून टाकला तर. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तुमच्यावर माझा विश्वास आहे. यात आनंद मानू नका. बारा वर्षांच्या होतात तेव्हा पाच वर्षांच्या भावाच्या छातीत कफ साठला म्हणून देवाला नवस बोलून तुम्ही चहा सोडलात, तो बरा झाला तरी परत तोंडाला लावला नाहीत. जिथे दहाला आणि तीनला घरोघरी हिरवा चहा घुसळतात त्या गावच्या असून बासष्ट वर्षं पाणी पिऊन काढलीत. मी दर नव्या वर्षाला त्यावरून टोमणे मारले. 'वन्संना गरम पाणी द्या, त्या देवाला विकलेल्या आहेत.' तुम्ही शपथ घेतलीत म्हणजे घेतलीत. तुम्ही दिलं नाही.

वन्सं, ती मार्चमधली बरणीसुद्धा वर्षभरातली पहिलीच होती. तिचं झाकणही उघडलेलं नव्हतं. हे तुम्हांला ठाऊक होतं आणि मलाही. तुम्ही तिथे ते का बोलला नाहीत, याचा मी सहा महिने विचार करते आहे. बोलला असतात तर मी तुमचा इतका राग केला नसता.

सार मी देत होते.

एवढं लिहून उठले, वाळत घातलेले कपडे आत आणले, परत बसले. आता सगळंच लिहिते. पाय बधिर झाले आणि हे नावेतून दोनदा पडले, तेव्हा नाव विकली हे तुम्हांला माहीत आहे. त्यानंतर हे काय झाले ते माहीत नाही, कारण तुमचा फोन आला की हे हसून बोलतात. घरात बोलत नव्हते. पथ्याचं ताट पुढे ठेवलं की भिंतीकडे बघत जेवायचे. एकदा म्हणाले, "नाव गेली, दारू गेली, आता सारही गेलं. भाताबरोबर गरम पाणी पिऊन किती वर्षं जगायचं म्हणतेस?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. त्यावर आठ दिवस अबोला.

शेजारचे ओकुरा अजून नावेने सरोवरात जातात. जुन्या सवयीने येताना आमच्या पायरीवर शिंपल्यांची पिशवी ठेवून जातात. मी ती परत द्यायचे. फेब्रुवारीत, फार थंडी होती त्या आठवड्यात, एक दिवस नाही दिली. म्हटलं, नुसतं पाणी देऊ, लोह काय ते मांसात राहील. वाटी पुढे ठेवली. यांनी दोन्ही हातांनी धरली, प्यायले, आणि मला म्हणाले, "तू जेवलीस का?"

तुम्हांला यात काय विशेष असं वाटेल. तुमचे यजमान तुम्हांला रोज विचारत असतील. मला त्रेचाळीस वर्षांत या घरात कुणी ते विचारलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, तुम्ही नाही, यांनी तर नाहीच. मी खोटंच हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी पाण्यात दहा शिंपल्या राहिल्या. मग वीस. मार्च उजाडेपर्यंत रोज सकाळी भरलेली वाटी. हे एकेक शिंपली काडीने उचलायचे, ही कुठल्या काठाची, ही किती वर्षांची, मला सांगायचे. ओकुरा आता दाताळं कसं चुकीचं धरतो ते हात वर करून दाखवायचे. मी समोर बसायचे. एवढी वर्षं मी त्यांच्याशी संसार केला, पण गप्पा मारल्या त्या या सहा महिन्यांत.

दवाखान्यातून आल्यावर मी यांना म्हटलं, "आज वन्संना उगाच बोलणी खावी लागली." हे म्हणाले, "ताईला सवय आहे." आणि वर, "उद्या करशील ना?" मी केलं. म्हणजे तुमच्या नावावर चोरी घालून मी रोज चोरी करत राहिले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या माझ्याच. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी विचारलं, नणंदबाई अजून आणतात का? मी पुन्हा हो म्हटलं. यांनी खाली बघितलं.

यकृताचा नवा फोटो डॉक्टरांनी दाखवला. कडेने घट्ट होत चाललंय. साखरेची गोळी आता पुरत नाही, इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करायचं म्हणतात. दर पंधरा दिवसांनी रक्त काढणं परत चालू. डॉक्टर म्हणाले, आणखी एक वर्ष असं गेलं तर ते यकृत मागे येणार नाही.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, बस्स. सकाळी नुसता भात वाढला. हे नुसतं ताटाकडे बघत बसले, भाताची वाफ जाईपर्यंत. मी उठले आणि पातेलं ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. कालही दिलं वन्सं. डोळ्यांसमोर तो फोटो होता आणि हाताने मी वाढत होते.

हे तुमच्याकडे सार मागणार नाहीत. "ताईपुढे मी लहानपणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही," असं हेच सांगतात. तुमच्या घरी हे भिंतीकडे बघून जेवतील, तुमच्याशी महिना महिना बोलणार नाहीत, आणि तुमचं काही बिघडणार नाही. याच तुमच्या स्वभावाचा मी आयुष्यभर तिटकारा केला. अजून करते. माझ्याकडे तो नाही, म्हणून हा माणूस माझ्या हातून मरतो आहे.

तर या. वीस तारखेला या, मी बॅग भरून ठेवते. शिंपल्या नाहीत, कलेजी नाही, तुमची ती लोहाच्या टॉनिकची बाटली नाही. जेवताना कडक चहा द्यायचा, लोह अंगी लागू देत नाही असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही पिऊ नका, पण घरात आणून ठेवा. दर दुसऱ्या मंगळवारी रक्त काढायला न्यायचं, आणि तिथे कुणाला जळू म्हणायचं नाही. डॉक्टरांना माझं खरं मी स्वतः जाऊन सांगते. तुमची माफीही त्याच खोलीत मागेन, माणसं बसलेली असताना.

मी मधेच भेटायला येईन. मला राहवणार नाही, मी स्वतःला ओळखते. हातात डबा असला तर दार उघडू नका. मी रडले, शिव्या दिल्या, शेजारी जमवले तरी उघडू नका. आतून हे म्हणाले 'येऊ दे तिला' तरी नाही.

इतकी वर्षं पत्राखाली 'आपली नम्र' लिहीत आले. तुम्हांलाही ते कधी खरं वाटलं नसेल. आज नुसतं नाव लिहिते, खोटं पुरे झालं.

कियोए