साबणावरचा आर आणि बाबांचा अंगठा

प्रिय मावशी,

वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? काका पथ्य पाळतात, की तुझ्यासमोर पाळल्यासारखं करतात? (दुसरंच असणार.) इकडे सगळे ठीक आहोत, म्हणजे अजून कुणी धरून नेलेलं नाही.

आधी मागच्या पत्रातली एक चूक सुधारते. बाबांनी गोलातला आर ठशावरून काढून टाकला, असं मी लिहिलं होतं. ठशावरून नाही, साबणावरून. ठसा जसाच्या तसा आहे. हा फरक तुला किरकोळ वाटेल, पण सगळं रामायण त्यातूनच घडलं आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आपल्या साबणाच्या 'ढवळा बगळा' या नावाच्या नोंदणीचा आपण नुसता अर्ज केला होता. बाबांना तेवढ्यानेच इतका हुरूप आला की त्यांनी पितळी ठशावर बगळ्याच्या चोचीपाशी गोलातला आर कोरून घेतला. कोरणारा म्हणाला होता, "मोठ्या कंपन्यांचा असतो, भारदस्त दिसतो." वकीलबाईंनी त्या ठशाची वडी पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, टीएम म्हणजे 'हे आमचं आहे, असं आम्ही म्हणतो'. ते कुणीही लावावं. गोलातला आर म्हणजे 'हे यांचं आहे, असं सरकार म्हणतं'. आणि सरकार अजून काहीच म्हणालेलं नाही. तोवर तो लावणं हा चक्क गुन्हा आहे. बाबा म्हणाले, "एवढासा आर कोण बघतो? बगळ्याचा डोळा त्याहून मोठा आहे." पण आपल्या घरात मला पहिला धडा आजीने दिला तो हाच, की मिळायच्या आधी मिळालं म्हणू नये. त्या दिवसापासून मला जो तो सरकारी माणूस वाटू लागला. एक गृहस्थ दुकानात वडी उलटीसुलटी करून वाचत बसले, तेव्हा मी त्यांना न मागता पाणी दिलं, खुर्ची दिली आणि अर्ध्या गुन्ह्याची कबुलीही देऊन टाकली. त्यांनी नवा चष्मा घेतला होता, आणि ते रस्त्याने दिसेल ते वाचत निघाले होते. (असं ते म्हणाले. मी अजून पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.)

नवा ठसा लवकर मिळेना आणि साबण तर थांबत नाही. मग बाबांनी तोडगा काढला: ठसा मारायचा, आणि वडी ओली असतानाच आरवर अंगठा दाबायचा. आर गेला, खड्डा राहिला. मला वाटलं, आता लोक फुटका माल म्हणून परत करतील. झालं उलटंच. खड्ड्यात बोट बसतं म्हणून वडी हातातून निसटत नाही, आणि गिऱ्हाइकं 'खड्ड्याचाच द्या' म्हणून हटून बसू लागली. बगळ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वकीलबाई म्हणाल्या, खड्ड्याचाही अर्ज करा. कठीण आहे, पण आधीपासून तुम्हीच वापरताय हे दाखवलं तर जमेल. बाबा म्हणाले, "माझ्या अंगठ्यासाठी मी कुणापुढे हात पसरणार नाही," आणि ते राहूनच गेलं.

आता मागच्या गल्लीतला साबणवाला, तो सदा दात दाखवणारा, ज्याला आम्ही हसऱ्या म्हणतो, त्याने खड्ड्याचा साबण काढला आहे. वर खड्ड्याशेजारी नाजूकसं टीएम! (ते कुणीही लावावं, ही सोय कालपर्यंत मला फार आवडत होती.) तो दुकानादुकानांत सांगत फिरतो की खड्डा मूळचा त्याचा आणि बाबांनी तो उचलला. दोन दुकानदारांनी आपला माल घेणं थांबवलं. बाबा नुसते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसतात. ते मला बघवत नाही. पहिले कोण, हे दाखवायला जुनी वडी हवी. पण हा धंदा असा, की आपला पुरावा गिऱ्हाईक रोज घासून संपवतं.

काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता.क. खड्ड्याचा अर्ज अजून केलेला नाही, हे मी फक्त तुला लिहिलं होतं. हसऱ्याच्या बायकोचं माहेर तुमच्या गावात आहे, आणि तू पत्रं पार्लरमध्ये मोठ्याने वाचतेस. मी काही म्हणत नाही. नुसतं विचारते, त्या दिवशी खुर्चीत कोण होतं?

आणखी ता.क. राग मानू नकोस, कारण खरं काम पुढेच आहे. पार्लर उघडलंस तेव्हा बाबांनी टपालाने पाठवलेली वडी खड्ड्याच्या पहिल्या घाण्यातली होती, हसऱ्याच्या कितीतरी आधीची. नवा साबण तू वापरत नाहीस, वासासाठी कपड्यांच्या घड्यांत ठेवतेस. या सवयीला आईने आयुष्यभर नावं ठेवली, आज तीच देवापुढे दिवा लावून त्या वडीची वाट बघते आहे. वडीभोवतीचा, टपालाच्या शिक्क्याचा आणि तारखेचा कागद टाकला नसशीलच. (तू काहीच टाकत नाहीस.) बुधवारी, नऊ तारखेला सकाळी, मी स्वतः येऊन वडी आणि कागद घेईन आणि तिथूनच थेट अर्ज द्यायला जाईन. तोवर कपाटाला कुलूप लाव, आणि पार्लरमध्ये कुणीही साबण मागितला तरी म्हण, संपला.